सुर्ल्याच्या सड्यावर, नव्या स्मॉकसकट

गोव्यातलं केरी मागे टाकून चोर्ला घाटाला लागलो तेव्हा अंजुणे धरणाचं पाणी धुक्यात दिसतच नव्हतं. जुलैचा दुसरा आठवडा होता. भाचा गाडी चालवत होता आणि माझ्या मांडीवर नवा कोरा, शेवाळी रंगाचा स्मॉक, म्हणजे जॅकेटसारखा ढगळ, लांब डगला होता. तीन महिने शोधून घेतलेला.

गेल्या पावसाळ्यात याच सुर्ल्याच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या पठारावर, मी वाईट कुडकुडले होते. अंगात महागाचं वॉटरप्रूफ जॅकेट होतं. पावसाचा थेंब आत आला नव्हता, तरी आतला टीशर्ट पिळून काढावा इतका ओला. सगळा घाम. चढ संपून वाऱ्यावर उभी राहिले आणि दात वाजायला लागले. 'श्वास घेणारं' कापड म्हणून ते जॅकेट मला विकलं होतं. ती जाहिरात खोटी नव्हती, पण ती थंड, कोरड्या मुलखासाठी खरी होती. असल्या कापडातून घामाची वाफ बाहेर पडते ती आत वाफ जास्त आणि बाहेर कमी असते म्हणून. हिमालयात हा फरक मोठा असतो. आपल्याकडे जुलैत हवाच वाफेने भरलेली, त्यात वरचं कापड पाणी पिऊन जड झालेलं. मग घामाने जायचं कुठे?

त्या जॅकेटचा शेवट कपाटात झाला. आतला मुलामा चिकट झाला आणि पापुद्रे सुटू लागले. दमट, उबदार हवेत पॉलियुरेथेनचा लेप असाच विरतो, आणि डिचोलीतल्या आमच्या घरात पावसाळ्यात चपलांनाही बुरशी येते.

म्हणून या वेळी विचार उलटा केला. कोरडं राहायचा हट्ट सोडला. भिजेन, पण गारठणार नाही आणि काट्यांत फाटणार नाही, असं वस्त्र हवं होतं. त्यातून स्मॉककडे वळले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश छत्रीधारी सैनिकांसाठी जो डेनिसन स्मॉक शिवला गेला, त्याची घडण अजून टिकून आहे: ढगळ, मांडीपर्यंत लांब, आत दोन थर मावतील असा, आणि छातीवरही खिसे. पाठपिशवीचा कंबरपट्टा आवळला की जॅकेटचे खालचे खिसे निकामी होतात, छातीवरचे मात्र हाताशी राहतात. हे चालणाऱ्यालाच कळतं.

कापडावर मात्र बरीच डोकेफोड झाली. निव्वळ सुती नको, ते आपल्या पावसात दोन दोन दिवस वाळत नाही. मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेलं व्हेंटाइल फार मोह घालत होतं. लांब धाग्याचा, घट्ट विणलेला कापूस, भिजला की धागे फुगून फटी बुजतात. पण किंमत परवडेना, आणि भिजल्यावर ते ताठ होतं. शेवटी पॉलिस्टर-कापूस मिश्रणाचं रिपस्टॉप घेतलं. त्यात ठरावीक अंतराने जाड धाग्याची चौकट विणलेली असते, त्यामुळे करवंदीच्या काट्याने भोक पडलं तरी ते पुढे फाटत जात नाही. चेन प्लास्टिकच्या दातांची निवडली, कारण धातूची चेन आपल्या खाऱ्या हवेत गंजून अडकते. बटणंही नीट पाहिली: दोन लांबट भोकांची, कापडी पट्टीने टाचलेली, बोटं बधिर झाली तरी लागणारी.

लष्करी छाप मात्र जाणूनबुजून टाळला. सैनिक असल्याचं भासवण्यासाठी तसा पोशाख घालणं आपल्याकडे गुन्हा आहे, आणि तो छाप ज्यांनी कमावला त्यांच्याच अंगावर शोभतो. शिवाय १९९९ साली अभयारण्य झालेल्या म्हादईच्या रानात झाडीत मिसळून जाणारी माणसं वनरक्षकांना शिकाऱ्यासारखी वाटली तर दोष त्यांचा नाही. पाठपिशवीला मी नारिंगी आवरण घातलं. वाट चुकले तर दिसले पाहिजे.

वनखात्याची परवानगी घेऊन, गावातल्या आबांना वाटाड्या म्हणून सोबत घेऊन निघालो. स्मॉकच्या आत पातळ लोकरीचा बनियन, पिशवीत वजनाला हलकं, शिवणींवर टेप लावलेलं वॉटरप्रूफ. पहिल्या तासात सगळे प्रयोग केले. वॉटरप्रूफ स्मॉकच्या आत घातलं, सैनिक पुष्कळदा घालतात तसं. काट्यांपासून ते वाचलं, पण मी उकडून निघाले. वर घातलं तर करवंदीच्या पहिल्याच जाळीत बाही ओढली गेली. मग काढलंच. नुसत्या स्मॉकमध्ये, गळा आणि काखेखालच्या चेनी उघड्या ठेवून चालू लागले, आणि अंग हलकं झालं. पाऊस आत येत होता, पण वाराही येत होता.

आबा खांद्यावरची घोंगडी सावरत माझ्याकडे पाहत होते.

"बाय, आमची इरली अशीच असायची. लावणीला वाकलं की पाठीवर पाऊस, आणि पुढून मोकळा वारा."

बांबूच्या कामट्या, वर पानांचे थर, पुढची बाजू सताड उघडी. आजीचं इरलं मी लहानपणी पाहिलं होतं. इतक्या वर्षांत त्याकडे या नजरेने कधी पाहिलं नव्हतं.

सड्यावर पोचलो तेव्हा पाऊस आडवा लागला. दरीपलीकडचा धबधबा धुक्यातून मधूनच पांढरा चमकायचा, एरवी नुसता आवाज. तिथे मात्र थांबताक्षणी वॉटरप्रूफ स्मॉकच्या वरून चढवलं, टोपी घट्ट ओढली. ओल्या कपड्यावरचा वारा अडला आणि पाच मिनिटांत अंगाची ऊब परत आली. भाच्याचं तेच जुन्या पद्धतीचं एकथरी जॅकेट होतं. तो थरथरत होता. माझ्या डब्यातला कोरडा बनियन त्याला दिला आणि आबांच्या घरी लवकर परतलो. पायांवर जळवा होत्याच. मीठ लावून काढल्या.

आबांच्या वहिनींनी स्मॉक चुलीवरच्या काठीवर टाकला. आधी धान्याच्या काट्यावर तोलून पाहिला: निथळून झाल्यावरही पावणेदोन किलो, घरून निघताना एक किलो शंभर ग्रॅम होता. सकाळपर्यंत बाह्या, पाठ कोरडी. दमट राहिले ते फक्त खिसे, कारण दिवसभर त्यांत पाणी साचलं होतं आणि बाहेर पडायला वाटच नव्हती. इतक्या बारकाईने शिवलेल्या कपड्यात हे एवढं राहून गेलं.

डिचोलीच्या बाजारात चांभाराकडे गेले. त्याने चारही खिशांच्या तळाशी पितळी रिंगा ठोकून दिल्या. पितळ हिरवं पडेल, पण गंजून कापड खाणार नाही, असं तो म्हणाला. ऑगस्टात नेत्रावळीच्या रानात जाईन तेव्हा कळेल.