लालबाग ते वडाळा

आषाढी एकादशीला पहाटे चाळीतली दिंडी निघायच्या वेळी टाळवाल्या काकांनी विचारलं, "तुळस कोण घेणार?" इतकी वर्षं हे विचारायची वेळच आली नव्हती. आई वैशाखात गेली. मी वृंदावन डोक्यावर घेतलं. पितळेचं आहे ते. भारतमाता सिनेमापर्यंत काही वाटत नाही, परळच्या पुढे मान बोलायला लागते. आई सत्तरीतही ते एका हाताने धरून दुसऱ्या हाताने पातळाचा ओचा सावरत चालायची.

लालबागहून वडाळ्याचं विठ्ठल मंदिर पाचेक किलोमीटर. मुंबईकर त्याला प्रतिपंढरपूर म्हणतात. पंढरीची पायी वारी आईने कधी केली नाही. आळंदीहून निघालं की अडीच-तीन आठवडे जातात, आणि तिची खानावळ होती. साताऱ्या-कोल्हापूरकडचे गिरणी कामगार चाळीच्या गाळ्यात दाटीवाटीने राहायचे आणि जेवायला आमच्याकडे यायचे. सगळे तिला मावशी म्हणत. "मी पंढरीला गेले तर ह्यांच्या पोटाला विठोबा घालणार का?" असं ती सरळ म्हणायची. घरातल्या भाविक मंडळींना ते खटकायचं. मला अजूनही त्यात काही वावगं दिसत नाही.

एकादशीलाही खानावळीत भाकरी व्हायची. तिचा स्वतःचा निर्जळी उपास, पण पहिल्या पाळीला सातच्या आत गिरणीत पोचणाऱ्याने साबुदाण्यावर माग चालवावा हे तिला पटत नसे. तिन्हीसांजेपर्यंत पाणीही न पिणारी बाई सुकटीची चटणी परतते आहे, हे मी लहानपणी बघितलंय. डबे भरून झाले की हात धुवायचे, कपाळाला बुक्का लावायचा, चपला पिशवीत घालायच्या आणि चालायला लागायचं.

हिंदमाताच्या चौकात यंदाही पाणी होतंच, घोट्याच्या वर. पोरांनी फुगडीचं रिंगण तिथेच धरलं. नायगावला शाळेची दिंडी आमच्यात मिसळली. त्यातला चिमुकला विठोबा कमरेवरचे हात सोडून सारखा मिशी सावरत होता. विठोबाला मिशी कुणी लावली, देव जाणे. कुणीतरी केळी वाटत होतं, कुणी राजगिऱ्याचे लाडू. एकादशी आणि दुप्पट खाशी!

कात्रक रोडला रांग लागली तेव्हा लेकीने विचारलं, "आजी संपात काय करायची गं?"

मी चौथीत होते. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पहिले दोन महिने आमच्याकडे नेहमीसारख्या पंगती उठल्या, फक्त पैसे वहीत. मग एकेकजण ट्रंक उचलून गावाला जायला लागला. जाताना पाया पडायचा, "मावशी, संप मिटला की देतो." संप मिटलाच नाही. वाण्याची उधारी डोक्यावर बसली, पाटल्या गेल्या. त्यात बँकेचा हप्ता. 1975 मध्ये प्रेमा पुरवांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढल्यावर खानावळवाल्या बायकांना बँकेची कर्जं मिळायला लागली होती, आईनेही घेतलं होतं. तो हप्ता तिने चुकवला नाही. उरलेल्या गाळेवाल्यांचं जेवण दोन वेळचं एक वेळेवर आणलं, आमटी पातळ केली, आमच्याही ताटात तीच वाढली.

गेल्यावर लोक म्हणाले, साक्षात अन्नपूर्णा होती, कधी हिशेब केला नाही. मला हसूच आलं. ती वही माझ्याकडे आहे. चौरेघी, तेलाने पाठचा पुठ्ठा पारदर्शक झालेला. प्रत्येकाचं नाव, गाव, खाडे वजा करून जेवणं, आणि पानाच्या तळाशी पेन्सिलीने ओढलेली बेरीज. दोनदा पडताळून, बाजूला मुलं लावतात तशी बरोबरची खूण.

"मग मागितले का नाही?" लेक म्हणाली.

"मागितले की! मला समोर बसवून पोस्टकार्डं लिहून घेतली. 'कळावे, मावशी' एवढंच शेवटी, आशीर्वाद नाही."

"दिले कुणी?"

"एकाने मनीऑर्डर केली. एकाने कोरेगावहून एसटीने वाघ्या घेवड्याचं पोतं धाडलं, तो घेवडा आम्ही पुढची दिवाळी ओलांडून खात होतो. बाकीच्यांच्या नावाने ती शेवटपर्यंत बोटं मोडायची."