बुधाची पाठ

चौथीत की पाचवीत असताना ‘सर्वात उष्ण ग्रह कोणता?’ या प्रश्नाला मी बेधडक ‘बुध’ लिहिलं आणि बाईंनी त्यावर लाल फुली मारली. सूर्याला खेटून तोच, मग तापणारही तोच, यात चुकलं काय ते कळेना. उत्तर होतं शुक्र. एक गुण गेला आणि शुक्रावर माझा राग बसला.

ती फुली पटली मामाच्या अंगणात. मामाचं गाव जुन्नरकडचं, डिसेंबरातली थंडी. शेकोटी पेटली की मी हट्टानं सगळ्यांच्या पुढे. गुडघे इतके भाजायचे की चड्डीला हात लावला तर चटका बसावा, आणि पाठीवर मात्र शहारे. मामा पार मागे, घोंगडी पांघरून, मजेत. “अरं, जरा फिरून बस की. पाठ शेक,” म्हणायचा.

बुधाचं दुखणं हेच. त्याला पांघरायला हवाच नाही. सोडियम, ऑक्सिजन वगैरेंचे तुरळक अणू असतात म्हणे आसपास, पण त्याला काय वातावरण म्हणायचं? म्हणून भर दुपारी ४३० अंश सेल्सिअस, शिसं वितळेल इतकं, आणि रात्री उणे १८०. शुक्र मात्र मागे बसून कार्बन डायऑक्साइडची जाड घोंगडी ओढतो आणि दिवसरात्र ४६० अंशांच्या आसपास उकळत राहतो.

बुध कधी पाठ शेकतच नाही, त्याचं एकच तोंड कायम सूर्याकडे असतं, असं बरीच वर्षं मानत. शियापारेली या इटालियन खगोलशास्त्रज्ञानं १८८९ मध्ये तसं जाहीर केलं होतं. १९६५ साली पोर्तो रिको बेटावरच्या आरेसिबो वेधशाळेच्या महाकाय रडारनं पाहिलं तर गडी फिरत होता, पण अगदी रमतगमत. सूर्याभोवती दोन फेऱ्या होईस्तोवर स्वतःभोवती तीन गिरक्या. त्याचं वर्ष ८८ दिवसांचं, आणि एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत जातात १७६ दिवस. एका दिवसात दोन वाढदिवस!

त्यातून तो सूर्याच्या सर्वात जवळ आला की इतका वेगानं पळतो की तिथल्या आकाशात सूर्य थबकतो आणि काही दिवस उलटा चालतो. काही ठिकाणी तर सूर्य जरासा उगवून पुन्हा क्षितिजाखाली जातो आणि मग नव्यानं वर येतो. आमची आजी रोज तांब्या घेऊन उगवत्या सूर्याला अर्घ्य द्यायची. तिथं तिची पंचाईत झाली असती. पहिलं अर्घ्य धरायचं की दुसरं?

आजीच्या लेखी बुध हिरवा, कारण त्याचा खडा पाचू. प्रत्यक्षात तो कोळशाच्या राखेसारखा करडा. पुराणातलं दुसरं नातं मात्र चपखल बसलं. बुध हा चंद्राचा मुलगा. १९७४ मध्ये मरिनर १० यानानं त्याचे पहिले जवळून फोटो पाठवले, तर तोंडावळा थेट बापाचा, खड्ड्याखड्ड्यांचा. त्यातल्या काही खड्ड्यांना पुढे व्यास, वाल्मीकी, कालिदास अशी नावंही मिळाली.

पण हाडापेरानं पोरगा बापाहून फार जड. त्याची तब्येत रायवळ आंब्यासारखी आहे, सगळी कोयच. व्यास ४,८७९ किलोमीटर, आणि आतला लोखंडाचा गाभा इतका थोर की वरचा गर आणि साल मिळून जाडी जेमतेम चारशे किलोमीटर. कधीतरी जबर धडक बसून वरचा गर उडाला असावा, असा एक तर्क आहे. ती कोय निवतेय तसतशी आक्रसतेय, आणि सालीला सुरकुत्या पडताहेत. सुरकुत्या म्हणजे शेकडो किलोमीटर लांबीचे कडे.

आणि एवढ्या भट्टीजवळ बर्फ! बुधाचा आस जवळजवळ ताठ उभा, त्यामुळे ध्रुवांवरच्या खोल खड्ड्यांच्या तळाशी ऊन कधी पोचतच नाही. तिथल्या बर्फाची चाहूल १९९१ मध्ये रडारला लागली आणि पुढे मेसेंजर यानानं त्याला दुजोरा दिला. हे यान स्वतः सिरॅमिक कापडाचा पडदा आडवा धरून चार वर्षं बुधाभोवती फिरलं आणि इंधन संपल्यावर २०१५ मध्ये तिथंच आदळलं. शेकोटीला नाक लावून बसलेल्या पोराच्या खिशात बर्फाचा खडा निघावा, तसलं हे.

इतकं वाचूनही बुध मी पाहिला नव्हता. तो सूर्याचा पदर सोडत नाही. परवा संध्याकाळी गच्चीवर गेलो. सूर्य पुरता बुडाल्यावरच दुर्बीण डोळ्याला लावली आणि पश्चिमेला, पाण्याच्या टाकीच्या शेजारी, तांबूस उजेडात एक बारीक ठिपका सापडला. शेजारच्या काकू वाळत घातलेल्या कुरडया बघायला वर आल्या होत्या.

“काय बघतोयस रे?”

“बुध.”

“अरे, आज गुरुवार,” म्हणत त्यांनी एक कुरडई उलटून पाहिली. वरून कडकडीत वाळली होती. खालून अजून ओलीच.