आंजर्ल्याला, तो नसताना

दापोलीहून हर्णैच्या उताराला लागलो, समुद्र दिसला आणि गाडी बाजूला घेतली. पुढे जायचा धीर होईना. आंजर्ल्याला आजवर कितीदा आलो असेन, पण तो घरात नसताना कधीच नाही.

दहावीत आम्ही एका बाकावर बसायचो. तो मूळ आंजर्ल्याचा, दापोलीत मामाकडे राहून शिकायचा. सुट्टीत त्याच्या घरी जायचं तर जोगची खाडी तरीनेच ओलांडावी लागे. आता पुलावरून गाडी थेट गावात जाते.

त्या वर्षी दिवाळीनंतर मला टायफॉइड झाला. पाच आठवडे शाळा बुडाली. परत गेलो तर याने कागदांचा गठ्ठाच पुढे ठेवला. वर्गात लिहिताना पानाखाली कार्बन घालून त्याने रोज माझी प्रत काढली होती. भूमितीच्या आकृत्यांत कार्बन सरकला होता, तिथे पेन्सिलीने पुन्हा गिरवलेलं. सगळ्यात वरच्या कागदावर मी गैरहजर राहिलेल्या पहिल्याच दिवसाची तारीख होती.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने हा किनारा झोडपला. त्याच्या वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या. आठवड्याने कसाबसा फोन लागला तर म्हणाला, "शेजारच्या आजींच्या घरावर माड पडलाय, तो काढतोय. मग बोलू." स्वतःच्या वाडीबद्दल चकार शब्द नाही.

मागच्या पावसाळ्यात तो झोपेतच गेला. मला वेळेत पोचता आलं नाही, ते अजून सलतंय.

काकू खळ्यात आमसुलं वाळत घालत होत्या. मला बघून सूप बाजूला ठेवलं. "आलास? जेवल्याशिवाय सोडायची नाही हां." जेवणं होईपर्यंत त्याचा विषय आम्ही दोघांनीही काढला नाही. मग त्यांनीच वाडीत नेलं. वादळानंतर त्याने लावलेल्या पोफळी माझ्या डोक्यावर गेल्यात. काकू एकेका बुंध्याला हात लावत पुढे चालल्या होत्या.

उन्हं कलल्यावर कड्यावरच्या गणपतीला जाऊन आलो. वरून सुवर्णदुर्ग दिसतो. आजारातून उठलो होतो तेव्हा याच पायऱ्यांवर तो दर दहा पायऱ्यांनी माझ्यासाठी थांबत होता.

निघताना काकूंनी आमसुलांच्या दोन पिशव्या दिल्या. "एक तुला. दुसरी दापोलीत मामींकडे टाक. दरवर्षी तोच नेऊन द्यायचा."

दापोलीत शिरलो तेव्हा अंधार पडला होता. मामींच्या ओटीवरचा दिवा चालू होता.