आमची वाटचाल : फोटो रेझिनमध्ये, शाई जागेवर

2019 च्या दिवाळीत सांगलीतल्या घरी, जेवणाच्या टेबलावर मी रेझिनची पहिली किचेन ओतली. रेझिन म्हणजे हार्डनर मिसळला की काचेसारखा पारदर्शक, घट्ट होणारा द्रव. वाळलेली फुलं, सोनेरी वर्ख, नावाची अक्षरं, एवढंच तेव्हा जमायचं. मग एका ताईंनी विचारलं, "आईचा फोटो घालून द्याल का?" मी हो म्हणून बसले.

घरच्या इंकजेटवर साध्या कागदावर प्रिंट काढली, साच्यात ठेवली, वरून रेझिन ओतलं. सकाळी बघते तर कागद भजी बांधल्यासारखा तेलकट, मागच्या लाकडाच्या रेषा आईंच्या चेहऱ्यातून दिसतायत. कागदाने रेझिन पिऊन टाकलं होतं. दुसऱ्या खेपेला कागद सील व्हावा, रेझिन आत मुरू नये म्हणून आधी फेविकॉलचा हात द्यायला घेतला. ब्रश फिरला तसं कपाळावरचं कुंकू गालापर्यंत ओघळलं. त्या रात्री मला रडू आवरेना. कुणाच्या तरी आईचा चेहरा होता तो.

इंकजेटची शाई बहुतेक वेळा पाण्याने फुटते, आणि फेविकॉलही पाण्याचाच. लेझर प्रिंटचा टोनर उष्णतेने कागदावर वितळून बसलेला असतो, तो ओल्या ब्रशने हलत नाही. हे कळल्यावर आम्ही शक्यतो लेझर प्रिंटच घेतो. इंकजेटची असलीच तर दिवसभर वाळवायची, क्लिअर अ‍ॅक्रिलिक स्प्रेचे दोन-तीन पातळ हात मारायचे, मगच फेविकॉल. तोही दोन्ही बाजूंनी.

खरा घात कडा करतात. आम्ही आधी सील करून मग फोटो गोल कापायचो. कापलेली कड उघडी पडायची, तिथून रेझिन आत शिरायचं आणि फोटोभोवती काळपट रेघ उठायची. आता आधी कापतो, मग सील करतो, आणि कडेवरून बारीक ब्रश दोनदा फिरवतो. लॅमिनेशनही करून पाहिलं, पण कडेला हवा राहून चंदेरी डाग दिसतात, म्हणून सोडलं.

पावसाळ्यात फेविकॉल लवकर वाळत नाही. वरून कोरडा वाटतो, आत ओल असते, आणि मग फोटोवर दुधी ढग येतो. जून ते सप्टेंबर आम्ही ऑर्डरला चार दिवस जास्त मागतो, गिऱ्हाईक कितीही घाई करो.

ओतताना आधी पातळ थर, तो चिकट झाला की फोटो, त्यावर चार थेंब बोटाने पसरून हवा काढायची आणि मग वरचा थर. हार्डनर वजनकाट्यावरच मोजायचा, अंदाजाने नाही.

मूळ फोटो आम्ही रेझिनमध्ये घालत नाही. गेल्या आठवड्यात एका आजोबांनी आजींबरोबरचा लग्नातला एकुलता एक फोटो पाकिटातून काढून पुढे केला. समोरच स्कॅन केला आणि त्यांच्या हातात परत दिला. प्रिंट कापून, सील करून जाळीवर ठेवली आहे. कडा अजून हाताला चिकट लागतात, उद्या ओतू.