उपाशीपोटी आलेल्या बायका

नाशिक, पाचवी माळ, रात्री साडेदहा

रक्त द्यायला खुर्चीत बसलेली बाई बाही वर सरकवता सरकवता आधीच ओशाळते, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की ती काय बोलणार ते मला तिच्या चेहऱ्यावरून कळते. "शीर सापडायची नाही हो ताई, माझे हात फार जाड आहेत," असे ती म्हणते आणि दुसऱ्या हाताने दंड झाकून घेते. शीर सापडते. दंडाला पट्टा बांधला, मूठ मिटायला सांगितली आणि कोपराच्या खोबणीत बोटाच्या टोकाने चाचपले की ती बोटाला लागतेच. ती डोळ्यांना दिसत नाही हे खरे, पण आम्ही शीर बोटांनीच शोधतो. उलट काटकुळ्या हातांच्या मुलींच्या शिरा पुष्कळदा सुईखालून निसटतात आणि त्यांना दोनदा टोचावे लागते. त्या मुलींपैकी एकीनेही कधी स्वतःच्या हाताबद्दल संकोच दाखवलेला मला आठवत नाही.

मी गंगापूर रोडवरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नमुने घेते. सकाळी सात ते दहा ही आमची गर्दीची वेळ, कारण साखरेच्या तपासणीसाठी बहुतेक जण उपाशीपोटी येतात. दाराजवळ वजनकाटा ठेवलेला आहे आणि त्यावर चढण्यापूर्वी बायका जे काही करतात ते पाहताना मला आजही वाईट वाटते. चपला काढणे समजण्यासारखे आहे. पण कोणी ओढणी काढून खुर्चीवर ठेवते, कोणी पाटल्या उतरवून पर्समध्ये टाकते, एका बाईंनी तर केसांतला चाप काढून माझ्या हातात दिला होता. पुरुष बुटांसकट चढतात, आकडा वाचतात आणि उतरतात.

नवरात्रात उपाशीपोटी येणाऱ्यांची संख्या वाढते. नऊ दिवसांचा उपवास ही श्रद्धेची गोष्ट आहे; माझी आई सत्तरी ओलांडूनही भगर आणि शेंगदाण्याच्या आमटीवर ते दिवस आनंदाने काढते आणि मला त्याविषयी आदरच वाटतो. परंतु अलीकडे "देवीचंही होईल आणि वजनही उतरेल" हे वाक्य मी फार ऐकते. आज दुपारी लॅबमधल्या आम्ही सगळ्या जणींनी आजच्या रंगाच्या साड्या नेसून फोटो काढला. आमच्यातली सर्वांत कसबी बाई, जिच्या हाताखाली मी सुई धरायला शिकले, ती आपणहून मागच्या ओळीत गेली आणि पोटासमोर पर्स धरून उभी राहिली. नंतर कोणीतरी मोबाइलवर सगळ्यांच्या कमरा बारीक करून तो फोटो ग्रुपवर टाकला. कमरांबरोबर मागच्या दाराची चौकटही आत वळली होती. खाली "किती छान दिसताय" असे लिहिणाऱ्यांपैकी कोणालाच ती वाकडी चौकट दिसली नाही.

पण आज वही उघडली ती भाचीसाठी. ती एकोणीस वर्षांची आहे, शिकायला नाशिकमध्येच वसतिगृहावर राहते. गणपतीत ती घरी आली तेव्हा जमलेल्या सगळ्या नातेवाइकांनी तिचे एकच कौतुक केले: किती बारीक झालीस, ओळखू येईना! आत्याने विचारले की काय करतेस ते आम्हालाही सांग. काकूंनी आपल्या मुलीला तिच्याशेजारी उभे करून दोघींकडे आळीपाळीने पाहिले, आणि त्या दुसऱ्या मुलीने त्या दिवशी ताटातला मोदक तसाच ठेवला. माझी बहीण मुलीच्या कौतुकाने हरखून गेली होती, आणि त्यात तिला तरी दोष कसा द्यायचा? मुलीला चांगले म्हटलेले कोणत्या आईला आवडत नाही?

मुलगी काय करत होती, तर सकाळी काळी कॉफी, दुपारी मेसच्या डब्यातली नुसती भाजी आणि रात्री काकडी. पोळी आणि भात तिने उन्हाळ्यापासून सोडले होते. आरती चालू असताना तिने हळूच भिंतीला हात टेकला, तो मला दिसला. आरती संपल्यावर मी तिला खिडकीशी नेले आणि डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. तिथे आतल्या बाजूला लालसर दिसायला हवे, ते जवळजवळ पांढरे होते. नखेही तशीच. "मावशी, काही नाही गं, खूप वेळ उभी होते ना," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी तिचे रक्त घेतले. हिमोग्लोबिन ७.९ निघाले. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असले तर तो रक्तक्षय, आणि ८ च्या खाली गेले तर तीव्र रक्तक्षय समजतात. म्हणजे ज्या दिवशी घरभर तिच्या रूपाचे कौतुक चालले होते, त्या दिवशी तिच्या शरीराला प्राणवायू पुरवायला पुरेसे रक्तच नव्हते, आणि आम्ही सगळे तिच्या आजाराला शाबासकी देत होतो.

औषध सुरू झाले. आज ती पुन्हा तपासणीला आली, आकडा ९.८ वर आला होता आणि ओठांवर थोडा रंग होता. मी तिला अहवाल दाखवला, तेव्हा तिने तो वाचला, त्याची घडी घातली आणि विचारले, "मावशी, या गोळ्यांनी वजन वाढतं का?" तिचा हा पहिला प्रश्न होता. बरे वाटते आहे, जिना चढताना आता धाप लागत नाही, हे तिने नंतर, मी विचारल्यावर सांगितले.

तेव्हापासून माझ्या मनात एकच विचार घोळतो आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. त्याच सर्वेक्षणात २४ टक्के स्त्रिया जास्त वजनाच्या होत्या आणि जवळपास १९ टक्के गरजेपेक्षा कमी वजनाच्या. ज्या देशात निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात पुरेसे रक्त नाही, तिथे आपण मुलीला भेटल्याबरोबर सगळ्यात आधी तिची कंबर पाहतो. आणि कमी वजनाच्या बायका शोधायला मला लांब जावे लागत नाही. ऑक्टोबरची छाटणी झाली की पेठ आणि सुरगाण्याकडच्या बायका दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत कामाला येतात, पुढे मणी धरले की दिवसभर हात वर धरून घडांची विरळणी करतात. तपासणी शिबिरात मी त्यांचे नमुने घेतले आहेत. मनगटे इतकी बारीक की बांगडी कोपरापर्यंत सरकते. त्यांना कोणी सडपातळ म्हणत नाही. तोच बांधा कॉलेज रोडवरच्या दुकानाच्या काचेत उभा केला की त्याला मात्र भाव येतो.

वजनाने काहीच बिघडत नाही, असे माझे म्हणणे नाही. पोटाभोवती साठलेल्या चरबीने साखर आणि रक्तदाब कसे वाढतात ते मी रोज अहवालांत पाहते. पण बारीक म्हणजे निरोगी हे समीकरण आपल्या लोकांना तर मुळीच लागू पडत नाही, आणि हे दाखवून देणारे संशोधक आपल्या पुण्याचेच आहेत. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधले त्यांचे सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, नेमका २२.३. मात्र शरीरातली चरबी मोजली, तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के निघाली. बीएमआयच्या हिशेबात दोघे सारखेच होते. म्हणून तर भारतीयांसाठी जास्त वजनाची मर्यादा २५ ऐवजी २३ बीएमआयपासून धरतात आणि स्त्रियांच्या कंबरेचा घेर ८० सेंटीमीटरपर्यंत असावा असे सांगतात. तरी आमच्याकडे येणाऱ्या सडपातळ बायका साखर वाढलेली पाहून चकित होतात, कारण त्यांना कोणी कधी तपासणी करा असे सुचवलेलेच नसते.

बीएमआयचे सूत्र मूळचे एका बेल्जियन गणितज्ञाचे, आदोल्फ केटले यांचे, एकोणिसाव्या शतकातले. त्याला हे नाव १९७२ साली अमेरिकेतल्या अँसेल कीझ यांनी दिले आणि त्यांनी त्यासाठी तपासलेली माणसे सगळी पुरुष होती. याच कीझ यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मिनेसोटा विद्यापीठात उपासमारीचा एक प्रयोग केला होता, आणि मला वाटते वजन उतरवणाऱ्या प्रत्येक मुलीच्या आईला तो ठाऊक असायला हवा. ३६ निरोगी तरुण स्वेच्छेने सहा महिने अर्धपोटी राहिले. त्यांना दिवसाला सुमारे १,५७० उष्मांक मिळत. त्यांचे वजन तर उतरलेच, पण ते चिडचिडे झाले, खिन्न झाले, मित्रांपासून तुटले, त्यांना सतत थंडी वाजू लागली. दिवसभर डोक्यात अन्नाचेच विचार येत आणि कधी स्वयंपाकघरात न गेलेले काही जण पाककृती जमवत बसले. आज बायकांच्या मोबाइलवर फिरणारे आहाराचे तक्ते १,२०० उष्मांकांचे असतात. ज्या अन्नाला शास्त्रज्ञांनी उपासमार म्हटले, त्याहूनही कमी अन्नावर आमची मुलगी परीक्षेचा अभ्यास करत होती आणि तिची चिडचिड वाढली म्हणून आम्ही तिला स्वभाव सुधारायला सांगत होतो.

आजीच्या काळी उलटा धाक होता. मुलगी सासरहून आली आणि वाळलेली दिसली की आजीच्या पोटात खड्डा पडे, आणि माहेरपणात तिच्या अंगावर मूठभर मांस चढले की तिच्या जिवाला बरे वाटे. त्या मापाचाही काही जणींना काच होत असणार, हे मी नाकारत नाही. पण त्यात निदान तिला जेवू घालण्याची इच्छा होती. आता लग्नाच्या बायोडेटात शिक्षण आणि नोकरीच्या वर 'सडपातळ बांधा' छापलेला असतो, आणि बाळंतपणाला चार महिने झालेली बाई मला विचारते की डिंकाचे लाडू बंद केले तर पोट लवकर आत जाईल का. अंगावर पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे ६०० उष्मांक जास्तीचे लागतात. तिच्या बाळाने तोवर तिच्याच रक्तामांसावर बाळसे धरलेले असते आणि तिला मात्र चार महिन्यांत पूर्वीसारखे दिसायचे असते. यंदा आणखी एक प्रश्न ऐकू येतो, तो वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांचा. मोंजारो आणि वेगोव्ही २०२५ साली भारतात आली. मधुमेहाच्या किंवा खरोखर लठ्ठपणाच्या आजाराच्या रुग्णांना ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली उपयोगी पडतात, पण लग्नाच्या शालूत मावण्यासाठी ती घ्यायची असतात असे मला कोणी पटवून देऊ शकणार नाही.

दुसऱ्या टोकाचीही एक गोष्ट लिहून ठेवते. आमच्या इमारतीतल्या एक वहिनी वर्षभर थकव्याची तक्रार घेऊन एका डॉक्टरांकडे जात होत्या. दर वेळी उत्तर एकच: वजन कमी करा. त्या चालल्या, जेवण तोडले, तरी वजन वाढतच गेले, आणि प्रयत्न कमी पडतात म्हणून बोलणीही त्यांनीच खाल्ली. अखेर दुसरीकडे दाखवल्यावर थायरॉईडची तपासणी लिहून मिळाली. टीएसएच, म्हणजे थायरॉईड मंदावली की वाढणारे संप्रेरक, साधारण चारच्या आत असावे, त्यांचे चाळीसच्या वर होते. जाड बाईला दुसरे काही होऊ शकते हे कोणाच्या मनातच येत नाही, आणि बारीक बाईला काही होत असेल असेही मनात येत नाही. दोघींचेही रक्त मीच घेते, म्हणून मला हे सांगण्याचा अधिकार आहे असे वाटते. माझी थोरली नणंद शरीराने चांगली भरलेली आहे आणि दर वर्षी वणीला सप्तशृंगीच्या पाचशे पायऱ्या ट्रॉलीत न बसता चढते. वर पोहोचल्यावर खाली राहिलेल्यांची वाट पाहत ती ओटीचे सामान नीट लावून ठेवते. तिला मी दरसाल तपासण्या करायला लावते आणि त्या चांगल्या येतात.

संध्याकाळी बहिणीचा फोन आला. भाचीचा प्रश्न मी तिला जसाच्या तसा सांगितला, आणि हेही सांगितले की दिवाळीत मुलगी घरी येईल तेव्हा तिचे गाल भरलेले असतील, त्यावर कोणी ना कोणी बोलेलच, तर तू काय उत्तर देणार ते आत्ताच ठरव. तिच्यासमोर कोणाच्याही अंगाविषयी, चांगलेसुद्धा, काही बोलायचे नाही आणि कोणी बोलले तर विषय तिथेच थांबवायचा. आत्यांना राग येईल, असे बहीण म्हणाली. येऊ दे, असे मी म्हटले. मग तिने विचारले की लोहाची गोळी सकाळच्या चहाबरोबर दिलेली चालते का. चहाने लोह अंगी लागत नाही, म्हणून गोळी आणि चहा यांत निदान एक तास जाऊ दे, आणि गोळी लिंबाच्या सरबताबरोबर दे, असे मी सांगितले. तिने ते कागदावर लिहून घेतले आणि वसतिगृहातल्या मुलीला लगेच फोन करते म्हणाली.