पांढरा कपडा

सलूनवाल्या काकांनी पांढरा कपडा झटकला आणि भाचा किंचाळला. कात्री अजून खणातच होती.

"टोचू नका, मी शहाणा आहे!"

सगळे हसले. मला गेल्या आठवड्यातली लस आठवली. टोचली सुई, पोराच्या डोक्यात रुतला पांढरा रंग.

खाण्याशी जोडलेला आवाज ऐकताच लाळ गाळणारी, शास्त्रज्ञ पावलॉव्हची कुत्री सगळ्यांना पाठ असतात. पण १९२० साली वॉटसन आणि रेनर या मानसशास्त्रज्ञांनी छापलेला प्रयोग? अकरा महिन्यांच्या बाळाने पांढऱ्या उंदराला हात लावला की मागे पोलादी दांड्यावर हातोड्याचा दणका. पुढे बाळ सशालाही घाबरू लागलं. (आज असं कोणी करू देणार नाही, बरंच आहे.)

शेवटी काकांनी फुलाफुलांचा टॉवेल गुंडाळला. गडी गप्प.

आणि मी? साहेबांसाठी लावलेली रिंगटोन परक्याच्या खिशात वाजली तरी पोटात गोळा येतो. तुमचा पांढरा कपडा कोणता?