देखरेखीखालचे दोन तास

"सोताच्या लेकीला भेटायला पोराला पहारेकरी लागतोय व्हय रे?" निपाणीच्या एका काकांनी फोनवर विचारलं. त्यांचा मुलगा इथे ऑन्टारिओत, आमच्या घरापासून जवळच राहतो. नवरा-बायको वेगळे झाले आणि कोर्टाने बापलेकीची भेट ठरवून दिली: शनिवारी दोन तास, एका केंद्रात, तिसऱ्या माणसासमोर. ही बातमी निपाणीत पोचेपर्यंत 'कोर्टाने नात हिरावली' अशी झाली होती. खानापूरपासून चिकोडीपर्यंत आता बऱ्याच घरांतलं कुणी ना कुणी परदेशात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कॅनडाच्या घटस्फोट कायद्यात १ मार्च २०२१ पासून मोठे बदल झाले. मुलाची शारीरिक, भावनिक आणि मानसिक सुरक्षितता सगळ्यात आधी. त्यानंतर मुलाच्या हितात बसेल तेवढा वेळ दोघांनाही. बापाचा हक्क, आईचा हक्क अशी वाटणी कोर्ट करत नाही. २०२२ मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाने बारेंड्रेक्ट खटल्यात हेच ठासून सांगितलं: जास्तीत जास्त सहवास ही मुलाच्या हिताच्या वर बसणारी गोष्ट नाही. आणि जोडीदारावर केलेला अत्याचार हा फक्त नवरा-बायकोतला मामला म्हणून बाजूला टाकता येत नाही.

देखरेखीचा हुकूम व्यसन, मारहाण, गंभीर मानसिक आजार किंवा मुलाशी बरीच वर्षं तुटलेला संबंध अशा कारणांनी होतो. तो का हवा, हे मागणाऱ्याने दाखवायचं असतं. बहुतेक वेळा तो कायमचा नसतो. भेटी सुरळीत झाल्या की अट सैल करून मागता येते. काकांना हे सगळं सांगितलं. पूर्ण पटलंय असं वाटत नाही.

त्यांच्या मुलाच्या प्रकरणात दारू नव्हती, मारहाण नव्हती. होता तो एक मेसेज. भांडणाच्या भरात त्याने बायकोला लिहिलं होतं, "पोरीला घेऊन निपाणीला जातो, मग बस शोधत." आपल्याकडे असलं बोलणं चहा निवेपर्यंत विसरलं जातं. इथे ते प्रतिज्ञापत्राला जोडून न्यायाधीशांसमोर गेलं. मुलांना परस्पर परदेशी नेण्याबाबतच्या १९८० च्या हेग करारात कॅनडा आहे, भारत नाही. म्हणजे मूल भारतात नेलं तर ते परत मागायला करारातला सरळ रस्ता नाही. भारतातल्या कोर्टात नव्याने उभं राहायचं. बेळगाव जिल्ह्यातलं प्रकरण हायकोर्टात गेलं तर धारवाडचं खंडपीठ. २०२० मध्ये यशिता साहू प्रकरणात आपल्या सुप्रीम कोर्टाने मुलीला अमेरिकेला परत न्यायला सांगितलं खरं, पण तिथपर्यंत पोचायला लागणारा पैसा आणि काळ इथल्या न्यायाधीशांनाही कळतो. म्हणून अशा बापांना माझा एकच सल्ला: मुलीचा पासपोर्ट वकिलाकडे जमा करायची तयारी स्वतःहून दाखवा. भीतीच पळवून नेण्याची असेल, तर तिचा बराचसा जोर तिथेच ओसरतो.

केंद्रात आई आणि बाप वेगवेगळ्या वेळी येतात, समोरासमोर यावं लागत नाही. खेळणी, चित्रांचे कागद, आणि कोपऱ्यात नोंदी करणारी कर्मचारी. ती जे दिसतं, ऐकू येतं ते लिहिते. बाप चांगला की वाईट यावर मत देत नाही. फोटो, भेटवस्तू, फोन सगळ्याला नियम. आणि अनेक केंद्रांत एक अट असते: कर्मचाऱ्याला समजेल त्याच भाषेत बोला.

घरात एक भाषा आणि कागदावर दुसरी, हे बेळगाव जिल्ह्यातल्या माणसाला नव्याने सांगायला नको. तरी "बाळा, जेवलीस का?" हेसुद्धा बापाने इंग्रजीत विचारायचं, हे मला खटकतंच. कारण मात्र समजतं: "आईने पासपोर्ट कुठे ठेवलाय गं?" असं हळूच विचारलं तर त्या बाईला काय कळणार? यावर एक उपाय असतो. दोन्ही बाजूंना मान्य असेल आणि कोर्टाला पटलं, तर ओळखीचा माणूसही देखरेखीला बसू शकतो. या प्रकरणात दोन्हीकडचे वकील आता मराठी येणारं कुणीतरी शोधताहेत. माझं नाव निघालं होतं; सुनेने ते खोडलं. मी निपाणीकरांचा माणूस, तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

काकांचा शेवटचा प्रश्न स्वतःबद्दल होता. आजी-आजोबांनाही इथे कोर्टाची परवानगी काढून नातवंडांशी संपर्काचा आदेश मागता येतो. पण मी म्हटलं, आधी सुनेला फोन करा, मुलाची बाजू न मांडता फक्त नातीची चौकशी करा, रविवारी व्हिडिओ कॉल चालेल का विचारा.

"आन् तिनं उचललाच न्हाई तर?"

"मग वकील आहेच. पण त्याची तासाची फी रुपयांत ऐकायची असेल तर आधी खाली बसा."